कऱ्हेच्या पाण्याचा हिशेब

‘कऱ्हेचे पाणी’ हे दोन शब्द मराठी वाचकाला पाठ आहेत. आचार्य अत्र्यांच्या आत्मचरित्राचे ते नाव. अत्र्यांमुळे या पाण्याला एक स्वभावही चिकटला. रोखठोक, कुणापुढे मान न तुकवणारा, हसता हसता रडवणारा. पण ज्या नदीचे हे पाणी ती कऱ्हा नेमकी कुठे आहे, असे विचारले तर उत्तर देताना अनेकजण अडखळतात. काहीजण तिला थेट कऱ्हाडला नेऊन बसवतात. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना भेटतात. कऱ्हेचा त्या गावाशी नामसादृश्यापलीकडे संबंध नाही.

कऱ्हा ही पुणे जिल्ह्याची नदी. पुरंदर तालुक्यात गराडे गावाच्या परिसरातील डोंगरात ती उगम पावते, सासवड, जेजुरी, मोरगाव करीत बारामतीला येते आणि बारामतीच्या पुढे सोनगावाजवळ नीरेला मिळते. दोन तालुके आणि सुमारे शंभर किलोमीटरची वाट. नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेला मिळते, भीमा पंढरपूरवरून कृष्णेकडे जाते. म्हणजे कऱ्हा ही उपनदीची उपनदी. भूगोलाच्या पुस्तकात तिच्या वाट्याला एखादी ओळ येते, तीही नीरेच्या परिच्छेदात.

पण या एवढ्याशा नदीकाठी अष्टविनायकांतला पहिला गणपती आहे, महाराष्ट्राच्या कुलदैवतांपैकी एक आहे, ज्ञानदेवांच्या धाकट्या भावाची समाधी आहे, पहिल्या पेशव्याचा शेवट आहे आणि आर्या वृत्ताला मराठीत घर बांधून देणारा पंडित कवी आहे. इतकी श्रीमंती असलेल्या नदीत पाणी तरी किती असावे? या लेखात तोच हिशेब मांडायचा आहे. तो मांडताना एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. या खोऱ्याने नाव, देव आणि कविता कऱ्हेकडून घेतल्या. पाणी मात्र प्रत्येक काळात दुसरीकडून आणले.

सावलीतले माहेर

याचे कारण नदीच्या जन्मस्थानातच आहे. सिंहगडाच्या बाजूने सह्याद्रीचा एक फाटा पूर्वेला सरकत येतो आणि पुढे त्याच्या दोन रांगा होतात. उत्तरेकडची भुलेश्वराची रांग. पुण्याहून सासवडला जाताना बोपदेव घाट किंवा दिवेघाट चढून आपण तीच ओलांडतो. दक्षिणेकडची रांग पुरंदर आणि वज्रगडाची. या दोन रांगांच्या मध्ये जे उंच, लांबट खोरे पडले आहे ते कऱ्हेचे. दिवेघाटात एक गंमत लक्षात येते. घाट चढून गेल्यावर पलीकडे तेवढाच उतार लागत नाही. सासवडचे पठार पुण्यापेक्षा दीड-दोनशे मीटर उंचावर आहे. ही उंची पुढे फार महाग पडणार आहे, म्हणून ती आत्ताच ध्यानात ठेवायला हवी.

आता शेजारणी पाहा. उत्तरेला मुठा, दक्षिणेला नीरा. दोघींची माहेरे घाटमाथ्याजवळ, जिथे आषाढ-श्रावणात दिवसचे दिवस उघडीप नसते. त्यामुळे बारामती-इंदापूरच्या माळावर थेंब पडला नाही तरी भोरच्या डोंगरात पाऊस झाला की नीरेला पूर येतो. कऱ्हेला हे भाग्य नाही. ती मुख्य सह्याद्रीपर्यंत पोचतच नाही. ती जन्मते तीच पर्जन्यछायेच्या तोंडाशी, आणि पुढे पूर्वेला जावे तसा पाऊस उतरत जातो. बारामतीच्या आसपास वर्षाची सरासरी पाचशे मिलिमीटरच्या घरात येते. तीही सरासरी, एखाद्या वर्षी निम्मा पाऊस आणि एखाद्या वर्षी एका रात्रीत महिन्याचा.

म्हणून कऱ्हेचे वेळापत्रक मोठ्या नद्यांसारखे नाही. मृग-आर्द्रात ती बहुधा कोरडीच असते. तिला पाणी येते ते परतीच्या पावसाचे, उत्तरा-हस्ताच्या सुमारास. तेव्हा ती दोन दिवस नदीसारखी वागते. मग डोह, मग डबकी, मग वाळू. खाली काळा कातळ, वर मुरुमाचा पातळ थर. पाणी मुरायला जागा थोडी आणि वाहून जायला उतार पुरेसा.

सासवडला तिला चांबळी नदी मिळते. हिलाच भोगावती असेही म्हणतात. या संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे. पुढे जेजुरीच्या अलीकडे नाझरे धरण, मग पांडेश्वर, मोरगाव, कऱ्हाटी, जळगाव, कऱ्हावागज आणि बारामती. कऱ्हाटी आणि कऱ्हावागज या दोन गावांनी तर नदीचे नाव आपल्या नावातच गुंफून घेतले आहे. ज्या नदीचे पाणी भरवशाचे नाही तिचे नाव गावाला लावून घेण्यात आर्जव असावे की हक्क, सांगणे कठीण आहे. बहुधा दोन्ही.

राखेचा थर आणि करवलीचा करा

कऱ्हेची सर्वांत जुनी साक्ष तिच्या दरडीत आहे. मोरगावजवळ नदीने कापलेल्या गाळाच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडली. दख्खनचे ज्वालामुखी साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावलेले. मग ही राख आली कुठून? ती वाऱ्यावरून आली, इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरून. तिथल्या टोबा ज्वालामुखीची राख भारतभर ठिकठिकाणच्या नद्यांच्या गाळात मिळते. कुकडी नदीकाठच्या बोरीची राख यासाठी प्रसिद्ध आहे. मोरगाव आणि बोरी, दोन्ही ठिकाणी राखेच्या सोबतीने आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली. त्यामुळे राखेचे वय ठरले की हत्यारांचे वय ठरवायला मदत होते. आणि वाद तिथेच आहे. काही संशोधकांच्या मते ही राख टोबाच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची. डेक्कन कॉलेजच्या काही संशोधकांनी मात्र ती याहून कितीतरी जुनी असल्याचे मांडले. वाद काहीही असो, एक गोष्ट निश्चित. हातकुऱ्हाड घडवणारा माणूस याच नदीकाठी वावरत होता. नदीने तेव्हा जाड गाळ साठवला आणि नंतर तोच कापून ती खोल गेली. आज मोरगावला जी दरड दिसते ती नदीच्या बदललेल्या स्वभावाची नोंदवही आहे.

लोकांनी ठेवलेली नोंद वेगळी आहे. कऱ्हा हे नाव ‘करा’ या शब्दावरून आले, असे या भागात मानतात. करा म्हणजे लहान, तोटीचे मातीचे भांडे. लग्नात करवलीच्या हातात जो असतो तो करा. करवली हा शब्दही त्यावरूनच. कथा अशी सांगतात की ब्रह्मदेव डोंगरावर तपाला बसले होते, त्यांच्याजवळचा कमंडलू कलंडला आणि त्यातून ही नदी निघाली. कलंडवला कुणी, याबद्दल गावोगाव एकमत नाही. पांडेश्वरकडे ते काम पांडव करतात, कारण त्यांना यज्ञासाठी पाणी हवे होते. मोरगावच्या क्षेत्रमाहात्म्यात कर्तृत्व गणेशाकडे जाते आणि नदीला कमंडलू असेच नाव मिळते.

या कथेकडे जरा रोखून पाहिले तर तिच्यातला भूगोल दिसतो. गंगेसाठी भगीरथाला स्वर्गातून प्रवाह उतरवावा लागला, तो झेलायला शंकराच्या जटा लागल्या. कऱ्हेसाठी एक तांब्या कलंडला. आपल्या नदीत किती पाणी आहे याचा अंदाज कथा रचणाऱ्याला अगदी बरोबर होता. शिवाय ते पाणी सहज मिळालेले नाही. कुणाच्या तरी भांड्यातून युक्तीने काढून घ्यावे लागले आहे.

समाधी, वाडे आणि आर्या

तांब्याएवढ्या या पाण्याकाठी केवढा संसार मांडला गेला! सासवडला सोपानदेवांनी समाधी घेतली. ज्ञानदेवांची समाधी कार्तिकातली, सोपानदेवांची त्यानंतरच्या मार्गशीर्षातली. शके १२१८, म्हणजे इ.स. १२९६. आषाढीला ज्ञानेश्वरांची पालखी दिवेघाट चढून सासवडला मुक्कामाला येते, जेजुरीचा भंडारा उधळून वाल्ह्यावरून नीरेकडे जाते. सोपानकाकांची पालखी सासवडहून निघून नीराकाठाने बारामतीवरून पुढे सरकते. नकाशावर पाहिले तर या पालख्यांची वाट आणि पाण्याची वाट वेगवेगळ्या असल्या तरी जातात एकाच ठिकाणी. सासवडला कऱ्हेत पडलेला थेंब वाटेत आटला नाही तर सोनगावला नीरेत, नरसिंहपूरला भीमेत आणि मग चंद्रभागा होऊन पंढरपूरच्या वाळवंटाला लागतो. वाटेत न आटण्याची अट मात्र कठीण आहे.

राजकारणानेही हे खोरे लवकर हेरले. पुरंदराच्या पायथ्याचे पठार, पुण्याहून दक्षिणेकडे उतरणारी वाट आणि फौजेचा तळ पडेल इतकी मोकळी जागा. १६४८ मध्ये विजापूरहून आलेल्या फत्तेखानाची छावणी पडली ती याच खोऱ्यातल्या बेलसरला. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाचा तळ सासवडच्या बाजूला पडला, दिलेरखान पुरंदराला भिडला, मुरारबाजी पडला आणि ११ जूनच्या तहात शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले. तारीख पाहण्यासारखी आहे. हे सगळे उन्हाळ्यात घडले. एवढ्या मोठ्या फौजेने मार्च ते जून या काळात खोऱ्यातले पाणी, वैरण आणि धान्य यांचे काय केले असेल, याची कल्पना इथला उन्हाळा पाहिलेल्या माणसाला करता येईल.

पुढे अठराव्या शतकात सासवड हे पुरंदरे घराण्याचे आणि बाळाजी विश्वनाथाचे गाव झाले. पहिला पेशवा एप्रिल १७२० मध्ये सासवडलाच वारला. पुरंदऱ्यांच्या वाड्याची तटबंदी अजून नदीकडे पाहत उभी आहे. नदीच्या दुसऱ्या टोकाला, बारामतीत, बाबूजी नाईकांचा वाडा कऱ्हेच्या काठावर उठला आणि त्यांच्या आश्रयाने पन्हाळ्याहून आलेले मोरोपंत (१७२९–१७९४) तिथे स्थिरावले. एकशेआठ रामायणे, आर्याभारत, केकावली असा सगळा डोलारा पंतांनी या कोरड्या गावात बसून उभा केला. केकावली म्हणजे मोराचा टाहो, आणि मोर टाहो फोडतो तो मेघासाठी. पंतांचा मेघ अर्थात परमेश्वर आहे. तरी बारामतीच्या उन्हात बसलेल्या कवीला हे रूपक परके वाटले नसणार.

मोरगावचा गणपती, जेजुरीचा खंडोबा आणि बारामतीचे काशीविश्वेश्वर आणि सिद्धेश्वर हे नदीचे खरे मालक. मोरया गोसावींना मूर्ती मिळाली ती कऱ्हेत स्नान करताना, असे परंपरा सांगते. चिंचवडहून मंगलमूर्तीची पालखी अजून भाद्रपदात आणि माघात मोरगावला येते. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी गड उतरून कऱ्हेवर स्नानाला जाते. लाखो माणसांच्या येळकोटात, भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या वाटेने देव नदीकडे निघतो, तो देखावा ज्याने पाहिला त्याला कऱ्हा लहान वाटणार नाही.

पण देवाच्या स्नानाचे पाणी आणि भक्ताच्या पिण्याचे पाणी यांत जेजुरीने पहिल्यापासून फरक केलेला दिसतो. नदी गावापासून काही अंतरावर आणि बिनभरवशाची. म्हणून जेजुरीत पेशवे तलाव झाला, होळकर तलाव झाला. दगडी काठ, उतरायला पायऱ्या, डोंगरावरून येणारे पाणी अडवून धरण्याची नेटकी योजना. पेशवे आणि होळकर हे दोघेही देवाचे भक्त होते आणि दोघांनीही देवाला अर्पण करण्यासारखी सर्वांत उपयोगी वस्तू ओळखली होती. कऱ्हेला नमस्कार करायचा आणि पाणी तलावात साठवायचे, हा या खोऱ्याचा जुना शहाणपणा.

सुप्याचा बाजार आणि नीरेचा कालवा

हा शहाणपणा गावापुरता पुरेसा होता, शेतीला पुरत नव्हता. मोरगावच्या उत्तरेला जवळच सुपे हे बाजाराचे गाव आहे. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतले सुपे ते हेच. १२ मे १८७५ रोजी या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल केली. कर्जरोखे हिसकावून घेतले, फाडले, जाळले. इथून पेटलेले लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत गेले आणि इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदले गेले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला.

या दंग्यांची कारणे इतिहासकारांनी बारकाईने सांगितली आहेत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचा भाव चढला आणि युद्ध संपताच कोसळला. त्याच सुमारास फेरपाहणीत जमीनमहसूल वाढला. सावकाराचे हात कोर्टाने बळकट केले. हे सारे खरे. त्यात कऱ्हेकाठचा एक साधा मुद्दा जोडावा लागतो. महसूल ठरलेला, व्याज ठरलेले, फक्त पाऊस ठरलेला नाही. ज्वारी-बाजरीची जिरायत तीन वर्षांत एकदा मनासारखी पिकते आणि हप्ता दरवर्षी द्यावा लागतो. सुप्याच्या बाजारात जे कागद जळले त्यांत या फरकाची बाकी लिहिलेली होती. पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, मोठा दुष्काळ सुरू झाला आणि तो १८७८ पर्यंत हटला नाही.

दुष्काळानंतर सरकारने या भागासाठी पाण्याची मोठी योजना आखली. पण तिच्यासाठी नदी निवडली नीरा. इंजिनिअरांचा हिशेब सरळ होता. घाटमाथ्याचे पाणी नीरेच्या खोऱ्यात येते, कऱ्हेच्या नाही. भोरजवळ येळवंडीवर भाटघरचे धरण आणि तिथल्या पाण्यावर नीरेचा डावा कालवा हे काम १८८० च्या दशकात उभे राहिले. पुढे १९२० च्या दशकात जुन्या धरणाखाली आणखी मोठे धरण बांधले गेले. आजच्या भाटघरमध्ये तेवीस टीएमसीहून अधिक पाणी मावते.

डावा कालवा नीरेच्या उत्तर काठाने पूर्वेला येतो, बारामतीला कऱ्हा ओलांडतो आणि इंदापूरकडे जातो. दोन पाण्यांची ही फुली नीट पाहण्यासारखी आहे. एक पाणी निसर्गाच्या उताराने वायव्येकडून आग्नेयेला जाते आणि वर्षातले बरेच महिने असतच नाही. दुसरे माणसाने आखलेल्या उताराने पश्चिमेकडून पूर्वेला जाते आणि पाळी आली की येते. कालव्याच्या खालच्या अंगाला ऊस आला, गुऱ्हाळे आली, पुढे साखर कारखाने आले. वरच्या अंगाला काहीच बदलले नाही. कऱ्हावागज, जळगाव, कऱ्हाटी, मोरगाव, सुपे ही सगळी गावे कालव्याच्या वर राहिली. पाणी उताराने खाली जाते, वर चढत नाही. बारामती तालुक्यात ‘बागायत पट्टा’ आणि ‘जिरायत पट्टा’ असे दोन शब्द रोजच्या बोलण्यात रुजले ते या एका रेषेमुळे. सोयरीक जुळवण्यापासून निवडणुकीपर्यंत सगळीकडे ही रेषा आडवी येते.

म्हणून बारामतीच्या समृद्धीला कऱ्हाकाठची समृद्धी म्हणण्याची जी पद्धत आहे, ती हिशेबाला धरून नाही. ती समृद्धी नीरेची आहे. कऱ्हाकाठ तिच्या शेजारी, थोड्या उंचीवर, कोरडा बसून आहे.

माणशी अर्धा एकर

१९७२ चा दुष्काळ या कोरड्या काठावर उतरला तेव्हा खडी फोडण्याच्या कामावर माणसांच्या रांगा लागल्या. पुण्यातले एक इंजिनिअर-उद्योजक विलासराव साळुंखे तेव्हा पुरंदरच्या गावांत फिरत होते. खडी फोडून दुष्काळ हटणार नाही हे त्यांना दिसले. १९७४ च्या सुमारास नायगावला त्यांनी देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन करायला घेतली. उतारावर ताली घातल्या, ओघळ अडवला, पाझर तलाव केला, त्याच्या खाली विहीर खणली. माळ हिरवा झाला. मग प्रश्न उभा राहिला की साठवलेले पाणी वाटायचे कसे.

‘पाणी पंचायत’ हे त्या प्रश्नाचे उत्तर. तिचे नियम आजही वाचण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचे नाही, माणसांच्या मोजणीने द्यायचे. माणशी अर्धा एकराला पुरेल इतके, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. खर्चाचा काही भाग लाभार्थ्यांनी स्वतः उचलायचा.

या नियमांमागचा विचार पाणी वाटण्याच्या रूढ पद्धतीला छेद देणारा होता. कालव्याने शंभर वर्षे उलटे शिकवले होते; ज्याची जमीन मोठी आणि कालव्याच्या जवळ त्याला पाणी जास्त. पाणी पंचायतीने पाणी जमिनीपासून सोडवले आणि माणसाला जोडले. असा विचार कृष्णा-गोदावरीच्या सुपीक काठावर न सुचता पुरंदरच्या माळावर का सुचावा? माझ्या मते याचे उत्तर कऱ्हेतच आहे. पाणी भरपूर असले की त्याचे फक्त वाटप होते. ते तांब्याभर असले की न्यायाची भाषा बोलावी लागते. साळुंखे २००२ मध्ये गेले. पाणी पंचायतीची चळवळ फार पसरली नाही, काही योजना बंदही पडल्या; पण पाण्याचा हक्क कुणाचा, या प्रश्नाला महाराष्ट्रात मिळालेले सर्वांत स्वच्छ उत्तर या खोऱ्याने दिले, ही नोंद राहायला हवी.

त्याच दशकात जेजुरीजवळ नाझरे इथे कऱ्हेवर धरण झाले. खंडोबाच्या नावाने त्याच्या जलाशयाला मल्हारसागर म्हणतात. कऱ्हेवरचे हे सर्वांत मोठे धरण, पण पुरते भरले तरी त्यात एक टीएमसी पाणी मावत नाही. आणि पुरते भरणे हीच मोठी बातमी असते.

मग नजर डोंगरापलीकडे गेली. पुरंदर उपसा सिंचन योजनेत हवेली तालुक्यातल्या कोरेगाव मूळ इथून मुळा-मुठेचे पाणी पंपांनी उचलून भुलेश्वराच्या रांगेवर चढवले जाते आणि पुरंदरच्या माळावर सोडले जाते. योजनेचा आकडा चार टीएमसीचा. आणखी पूर्वेला जानाई-शिरसाई योजना खडकवासल्याचे पाणी वरवंडच्या तलावातून उचलून बारामतीच्या जिरायत गावांना देते. सुरुवातीला ध्यानात ठेवायला सांगितलेली दिवेघाटाची उंची इथे आडवी येते. पाण्याचा प्रत्येक थेंब विजेच्या बिलावर चढून येतो, आणि बिल थकले की पंप थांबतात.

आणि हे पाणी तरी कसले? पुण्याने पिऊन, धुऊन, वापरून सोडलेले. पुरंदरचा शेतकरी त्यावर अंजीर आणि सीताफळ जगवतो आणि ती फळे पुन्हा दिवेघाट उतरून पुण्याच्या मंडईत जातात. नाझऱ्यात न मावणाऱ्या पाण्याच्या कितीतरी पट पाणी शेजारच्या खोऱ्यातून आणण्याची योजना आखावी लागते, हा कऱ्हेच्या हिशेबातला आजचा आकडा.

पात्राची आठवण

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग कऱ्हेचे काय उरले? नाव, देव आणि वाळू. गेल्या काही दशकांत लोकही तसेच समजू लागले होते. जी नदी वर्षातून दहा दिवस वाहते तिचे पात्र म्हणजे मोकळी जागा. वाळू उपसली गेली. बाभळी आणि वेडी बाभूळ माजली. ओढ्यांच्या तोंडाशी शेते सरकली, गावांच्या कडेला घरे सरकली. यात दुष्टपणा फारसा नव्हता. ज्या तरुणाने आपल्या उभ्या आयुष्यात नदी भरलेली पाहिली नाही, त्याला तिची रुंदी कुणी सांगायची?

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तिने ती स्वतः सांगितली. त्या रात्री कात्रज-सिंहगडच्या पूर्वेकडच्या डोंगरावर अफाट पाऊस कोसळला. डोंगराच्या उत्तर उतारावरचे पाणी आंबिल ओढ्यात आले आणि पुण्यात त्याने जो हाहाकार केला तो सर्वांना आठवतो. त्याच डोंगराच्या दुसऱ्या उतारावरचे पाणी कऱ्हेत आले. सासवडच्या वरच्या गावांत रस्ते आणि बांध वाहून गेले. नाझरे भरून वाहू लागले आणि धरणाखाली एवढा लोट सुटला की दुसऱ्या दिवशी बारामतीत नदीकाठच्या हजारो लोकांना घाईघाईने हलवावे लागले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात याच गावांतून पाण्याचे टँकर फिरत होते.

पुण्याच्या ओढ्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले. कऱ्हेबद्दल त्यामानाने थोडे. पण दोन्हींचा धडा एकच आहे. नदीचे पाणी सरासरीत मोजले जाते, तिचे पात्र मात्र तिच्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या मापाचे असते. हजारो वर्षांच्या अशा मोठ्या दिवसांनीच मोरगावची दरड कापली आहे. अवर्षणाच्या प्रदेशातल्या नदीत हे अंतर सर्वांत जास्त. रोजचे पाणी जवळजवळ शून्य आणि एका रात्रीचे पाणी छातीत धडकी भरवणारे. बारमाही नदी आपली हद्द रोज दाखवत राहते. कऱ्हेसारखी नदी ती पिढीतून एकदा दाखवते, आणि दोन पुरांच्या मधल्या काळात ती हद्द कुणीतरी लक्षात ठेवावी लागते.

पूर्वी हे काम देवळे करीत. संगमेश्वराच्या पायऱ्या, नाईकांच्या वाड्याचा चौथरा, पांडेश्वराचे जुने विटांचे मंदिर ही सगळी नदीला चिकटून आहेत, पण बांधणाऱ्यांनी किती उंची सोडली आहे ते पाहण्यासारखे आहे. पूर कुठवर येतो हे ज्याला ठाऊक होते त्यानेच ते जोते घातले. आज हे काम पूररेषेच्या नकाशाचे. शहरातून जाणाऱ्या काही किलोमीटरवर काठ बांधून काढणे, दिवे लावणे, फिरायला फरसबंदी करणे सोपे असते. गराड्यापासून सोनगावापर्यंत प्रत्येक ओढ्याचे तोंड मोकळे ठेवणे कठीण असते, कारण तिथे उद्घाटन करण्यासारखे काही नसते.

सोनगावच्या संगमावर उभे राहिले तर एका बाजूने नीरा येते, दुसऱ्या बाजूने कऱ्हा. कऱ्हेच्या पात्रात त्या ठिकाणी जो काही ओलावा असतो त्यात आता बरेच काही मिसळलेले आहे. नीरेच्या कालव्याचा पाझर आहे, डोंगर चढून आलेली मुठा आहे, बारामतीचे सांडपाणी आहे, आणि एखाद्या हस्तात खरोखर गराड्याच्या डोंगरावर पडलेला पाऊसही आहे. ते सगळे मिळून पंढरपूरकडे निघते. सोनगावला आणि खाली नरसिंहपूरला त्यातले कुठले पाणी कुणाचे, हे ओळखायला कुणी थांबत नाही. सासवडला मात्र म्हातारी माणसे अजून सप्टेंबरच्या अखेरीस संध्याकाळी पुलावर येऊन वरच्या डोंगराकडे पाहतात. ढग कुठे उतरला आहे ते पाहून आज रात्री नदी येणार की नाही, याचा अंदाज बांधतात.